रामन यांनी नाकारलेली मुलगी, वालाचा दाणा आणि विषाणूवरची औषधं

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की पेढी नदीच्या काठी वलगाव येतं. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच गावाजवळ शेवटचा श्वास घेतला, म्हणून या गावाचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

थंडी पडली की इकडच्या बाजारात वालाच्या शेंगा यायला लागतात. विदर्भात बरेच जण त्यांना पोपटाच्या शेंगा म्हणतात. तिकडे कोकणात वाल भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि बिरडं करतात. प्रांत बदलला की पदार्थ बदलतो, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. सुका वाल कोणी कच्चा खात नाही. तो भिजवायचा आणि नीट शिजवायचा.

का, असं घरातल्या मोठ्या बाईला विचारलं तर ती सांगेल की कच्चा वाल बाधतो, पोट दुखतं.

ते बरोबरच आहे. पण वालाच्या दाण्यात नेमकं असं काय असतं जे बाधतं? गाडगेबाबा गेले त्याच सुमारास मुंबईच्या एका प्रयोगशाळेत एक मराठी शास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे विद्यार्थी याच प्रश्नाच्या मागे लागले होते. त्यांनी वालातून ते द्रव्य वेगळं काढलं, शुद्ध केलं आणि त्याचे स्फटिक करून दाखवले.

त्या बाईंचं नाव डॉ. कमला सोहोनी.

आज कोरोना, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी अशा विषाणूंवरची अनेक औषधं ज्या तत्त्वावर चालतात, त्याच तत्त्वावर वालातलं हे द्रव्य चालतं. गंमत म्हणजे ज्या मुलीनं पुढे हे काम केलं, तिला बावीसाव्या वर्षाच्या आसपास प्रयोगशाळेच्या दारातच अडवलं होतं. अडवणारा माणूसही साधासुधा नव्हता. नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन होते ते.

रसायनशास्त्रज्ञांच्या घरातली मुलगी

कमला मूळच्या भागवत. जन्म १८ जून १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, दोघांनी शिक्षण घेतलेलं.

भागवत हे आडनाव ऐकून काही जणांच्या डोक्यात दुसरं नाव आलं असेल. बरोबर, लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर असताना आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्याच दुर्गाबाई. चुकीच्या गोष्टीपुढे मान न झुकवण्याचा गुण या घरात दोघी बहिणींमध्ये होता. धाकटीनं तो थोरलीच्या कितीतरी वर्षं आधी दाखवला होता.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत त्या पहिल्या आल्या. आता पुढे काय, हा प्रश्नच नव्हता. वडील आणि काका जिथं शिकले तिथंच जायचं, संशोधन करायचं, असं त्यांनी ठरवलेलं. अर्ज बंगळुरूला गेला.

मुलगी आहे, म्हणून नाही

त्याच १९३३ साली रामन या संस्थेचे संचालक झाले होते. संस्थेला लाभलेले ते पहिले भारतीय संचालक. १९३० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांच्या नावावर. सगळ्या देशाला त्यांचा अभिमान होता.

त्यांनी कमला भागवत यांचा अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नाही. जागा नव्हती म्हणूनही नाही. अर्जदार मुलगी आहे, एवढंच कारण होतं.

त्या काळात अशा उत्तरानंतर बहुतेक मुली घरी परतल्या असत्या. वडील आणि काकांनी विनंती केली, तिचाही उपयोग झाला नाही. मग कमला स्वतः बंगळुरूला गेल्या. देशभर गांधीजींच्या सत्याग्रहाचं वारं होतं, आणि या मुलीनं तोच मार्ग धरला. प्रवेश नाकारण्यामागचं कारण पटेपर्यंत हलायचं नाही, असं म्हणून ती रामन यांच्या कार्यालयापाशी ठाण मांडून बसली.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष प्रवेश नियमित धरला जाणार नाही. कामाचा दर्जा स्वतः संचालकांना पटला तरच ते काम मान्य होईल. आणि प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष तिच्यामुळे विचलित होता कामा नये.

तिसरी अट परत एकदा वाचा. दुसऱ्याचं लक्ष उडालं तरी त्याची जबाबदारी हिच्यावर!

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण अपमान विसरल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी महिला शास्त्रज्ञांच्या एका कार्यक्रमात त्यांनी हा प्रसंग स्वतः सांगितला. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण स्त्रियांच्या बाबतीत त्यांचं मन कोतं होतं, असं त्यांनी तेव्हा स्पष्ट बोलून दाखवलं.

बंगळुरूत त्यांना एम. श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. शिस्तीला कडक आणि शिकवायला मोकळे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी यांच्यातल्या प्रथिनांवर काम केलं. डाळीतलं प्रथिन हा त्यांचा जन्मभराचा विषय इथंच त्यांना सापडला.

वर्ष संपलं. काम पाहून रामन यांचं समाधान झालं. त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. १९३६ मध्ये कमलाबाईंनी एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह पूर्ण केलं. एका मुलीच्या हट्टामुळे पुढच्या कितीतरी मुलींना दाराबाहेर बसायची वेळ आली नाही.

केंब्रिजमध्ये मिळालेलं टेबल

१९३७ मध्ये त्या इंग्लंडला, केंब्रिजला गेल्या. तिथं फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांचा जीवरसायनशास्त्राचा विभाग जगात नावाजलेला होता. जीवनसत्त्वांच्या शोधातल्या वाट्याबद्दल हॉपकिन्स यांना १९२९ चं नोबेल मिळालं होतं. त्यांच्या विभागात त्या काळाच्या मानानं बऱ्याच स्त्रिया संशोधन करत होत्या.

विभागात जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर या शास्त्रज्ञांनी आपलं टेबल त्यांना दिवसा वापरायला दिलं आणि स्वतः रात्री काम करायला लागले, असं सांगितलं जातं. जागा तर इथंही नव्हती, पण इथल्या माणसांनी सरकून ती करून दिली. बंगळुरूच्या त्या दारानंतर हा अनुभव कमलाबाईंना केवढा वाटला असेल!

रिक्टर यांच्यासोबत त्यांनी शरीरातल्या काही एन्झाइमवर काम केलं. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करू लागल्या. आणि तिथं बटाट्यानं त्यांना नाव मिळवून दिलं.

कोणतीही जिवंत पेशी अन्नातून ऊर्जा काढते. हे काम एका झटक्यात होत नाही. विहिरीवर माणसांची रांग लावून हातोहात बादल्या पुढे द्याव्यात, तसे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिले जातात. या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यांच्या पेशींत आणि यीस्टमध्ये तो माहीत होता. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना तो वनस्पतीच्या पेशीतही आढळला. म्हणजे माणूस असो की बटाटा, पेशीचं श्वसन चालवणारी यंत्रणा मुळात एकाच घडणीची आहे.

या कामावरचा त्यांचा पीएचडीचा प्रबंध फक्त ४० पानांचा होता आणि इंग्लंडला पोचल्यापासून साधारण १४ महिन्यांत तयार झाला होता. १९३९ साली पदवी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, अशी त्यांची ओळख सांगितली जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती, हेही इथं नोंदवायला हवं. दोघींच्या पदव्यांची नावं वेगळी, पण वाट दोघींनाही स्वतःच पाडावी लागली.

परत भारतात

१९३९ मध्येच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केलं. पण तिथं पुढे जाण्याची वाट दिसेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

१९४७ मध्ये त्यांचं लग्न झालं. पती एम. व्ही. सोहोनी हे विम्याचं गणित मांडणारे ॲक्च्युअरी होते. कमला भागवत आता कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईत आल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्यानं सुरू होत होता. तिथं त्या प्राध्यापक झाल्या.

केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या या बाईंनी विद्यार्थ्यांना विषय दिले ते आपल्या बाजारातले. डाळी, कडधान्यं, भाज्या, नीरा, ताडगूळ. कारण साधं होतं. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशात कोट्यवधी लोकांना दूध, अंडी, मांस परवडत नव्हतं. त्यांच्या ताटातलं प्रथिन यायचं ते डाळीतून. मग ते प्रथिन अंगी किती लागतं आणि का लागत नाही, हे कुणीतरी नीट तपासायला हवं होतं.

अडकित्ता आणि न फुटणारी सुपारी

आता वालाकडे येऊ. त्यासाठी एन्झाइम म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणतात.

पानाच्या डब्यातला अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. सुपारी त्याच्या पात्यांमध्ये नेमकी बसते, दाबलं की फुटते, अडकित्ता पुढच्या सुपारीला मोकळा. एन्झाइमचं तसंच आहे. प्रत्येक एन्झाइमला एक खोबण असते. त्या खोबणीत ठरावीक रेणू येऊन बसतो, तुटतो किंवा बदलतो आणि बाहेर पडतो. एन्झाइम मात्र जसंच्या तसं राहतं.

आपल्या पचनात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम आहे. त्याचं काम प्रथिनांचे तुकडे करणं. डाळीतलं प्रथिन पोटात गेलं तरी ते तुटल्याशिवाय शरीराला वापरता येत नाही.

आता कल्पना करा की एखादी सुपारी अडकित्त्यात अगदी घट्ट बसली, पण फुटतच नाही आणि बाहेरही येत नाही. अडकित्ता अडकला. वालाच्या दाण्यात अशीच सुपारी असते. ते स्वतःच एक छोटं प्रथिन आहे. ट्रिप्सिनच्या खोबणीत ते जाऊन बसतं आणि ट्रिप्सिनला कामच करू देत नाही. शास्त्रज्ञ याला ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात. आपण रोधक म्हणू.

झाडाच्या दृष्टीनं ही शहाणपणाची सोय आहे. दाणा खाणाऱ्या किडीचं पचन बिघडलं की दाणा वाचतो. पण त्याच सोयीचा त्रास माणसाला होतो. कच्च्या दाण्यात प्रथिन भरपूर, पण ते पचवणारी कात्रीच बंद पडलेली. नीट शिजवलं की उष्णतेनं रोधकाची घडी विस्कटते आणि त्याचा जोर बराच ओसरतो. स्वयंपाकघरातला नियम असा विज्ञानाच्या कसोटीला उतरतो.

सोयाबीनमधल्या अशा रोधकाचे स्फटिक अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४० च्या दशकात मिळवले होते. कमलाबाईंनी आपल्या भाज्या आणि कडधान्यं तपासायला घेतली. कशात हा रोधक आहे, किती आहे, याची मोजणी केली. १९५० च्या दशकाच्या मध्यात वाल आणि डबल बी या दोन्हींतले रोधक त्यांच्या प्रयोगशाळेनं स्फटिकरूपात मिळवले. हे काम नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं.

स्फटिकाचं एवढं काय, असं वाटेल. प्रथिनाचा स्फटिक करणं म्हणजे गढूळ पाण्यातून एकाच जातीचे रेणू निवडून त्यांना ओळीनं उभं करणं. थोडी भेसळ राहिली तरी ओळ जमत नाही. त्यामुळे स्फटिक मिळाला म्हणजे द्रव्य शुद्ध झालं, याची ती खूण होती. एन्झाइम आणि विषाणूतली प्रथिनं शुद्ध रूपात, स्फटिक करून मिळवता येतात हे दाखवल्याबद्दल सम्नर, नॉर्थ्रॉप आणि स्टॅनली या तिघांना १९४६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. जगात हा विषय तेव्हा ऐन भरात होता, आणि मुंबईतल्या एका विभागात तोच विषय वालाच्या दाण्यावर चालला होता.

मग विषाणूंचा इथं काय संबंध?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. कमला सोहोनींनी विषाणूवरचं औषध शोधलेलं नाही. त्यांचा प्रश्न पोषणाचा होता. पण एन्झाइमच्या खोबणीत नेमका बसणारा रोधक शोधायचा, हीच गोष्ट पुढे विषाणूंवरच्या औषधांचा पाया ठरली.

कसं, ते पाहू. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, कोरोना हे विषाणू आपल्या पेशीत शिरले की आपल्याच यंत्रणेकडून स्वतःची प्रथिनं बनवून घेतात. ही प्रथिनं एकमेकांना जोडलेली, लांबच लांब साखळी म्हणून तयार होतात. ती योग्य जागी कापली गेली तरच नवा विषाणू घडतो. हे कापण्याचं काम विषाणूचं स्वतःचं एन्झाइम करतं. त्याला प्रोटिएज म्हणतात.

म्हणजे पुन्हा अडकित्ताच. तो अडकवला की विषाणूची वाढ थांबली.

एचआयव्हीच्या प्रोटिएजला अडवणारं पहिलं औषध, सॅक्विनाविर, १९९५ च्या शेवटी मंजूर झालं. हिपॅटायटिस सी साठी २०११ मध्ये बोसेप्रेविर आणि टेलाप्रेविर आली. कोरोनाच्या साथीत २०२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या पॅक्सलोविडमधला निर्माट्रेलविर हा घटकही असाच विषाणूच्या मुख्य प्रोटिएजच्या खोबणीत बसतो. विशेष म्हणजे हिपॅटायटिस सी आणि कोरोना या दोघांच्याही प्रोटिएजची घडण आपल्या पचनातल्या ट्रिप्सिनच्या घराण्याशी मिळतीजुळती आहे.

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा टॅमीफ्लू हे नाव घराघरांत पोचलं होतं, आठवतंय? तेही विषाणूच्या एन्झाइमला अडवणारंच औषध. फक्त ते एन्झाइम वेगळं. नवे विषाणू पेशीवरून सुटे करून पुढे पाठवणं हे त्याचं काम.

मग वालातला रोधकच औषध म्हणून का देत नाहीत? एक तर तो विषाणूच्या खोबणीच्या मापाचा नाही. दुसरं म्हणजे तो प्रथिनाचा मोठा रेणू आहे. गोळी करून दिला तर रक्तात पोचून पेशीच्या आत शिरणं त्याला जमत नाही. औषधासाठी लहान, टिकाऊ आणि नेमका बसणारा रेणू लागतो.

तो शोधण्याची जुनी पद्धत म्हणजे लाखो तयार रेणू एकेक करून लावून पाहायचे. लाखो सुपाऱ्या अडकित्त्यात घालून बघण्यासारखंच ते. खर्च प्रचंड, आणि तरी हाताला काही लागेलच असं नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती काढली. अख्खी सुपारी शोधण्याऐवजी तिच्या कपच्या घ्यायच्या. म्हणजे अगदी लहान रेणू, तेही हजार-दीड हजारच. कुठली कपची खोबणीच्या कुठल्या कोपऱ्यात चिकटते ते पाहायचं. एकटी कपची पकड घट्ट धरत नाही, पण जागा दाखवते. मग शेजारशेजारच्या दोन कपच्या जोडायच्या, किंवा एकीलाच थोडं थोडं वाढवत न्यायचं. असं करत पूर्ण खोबण भरणारा रेणू तयार होतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ॲबट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या पद्धतीचं यश दाखवलं आणि ती जगभर रुजली. या वाटेनं मंजुरीपर्यंत पोचलेलं पहिलं औषध २०११ चं. ते मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरचं, वेमुराफेनिब.

कोरोनाच्या वेळी ही पद्धत सगळ्या जगानं पाहिली. २०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या शास्त्रज्ञांनी विषाणूच्या मुख्य प्रोटिएजची रचना प्रसिद्ध केली. लगेच इंग्लंडमधल्या डायमंड लाइट सोर्स या केंद्रात त्या प्रोटिएजचे स्फटिक तयार झाले. त्यांत बाराशेहून जास्त कपच्या वेगवेगळ्या भिजवल्या आणि प्रखर क्ष-किरणांनी तपासल्या. सत्तरहून जास्त कपच्या चिकटलेल्या दिसल्या. ही माहिती सगळ्यांसाठी खुली केली. त्यावरून कोव्हिड मूनशॉट या उपक्रमात जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी नव्या रेणूंचे आराखडे पाठवले. पॅक्सलोविड या उपक्रमातून आलेलं नाही, त्याची वाट वेगळी होती. पण पुढची साथ आली तर औषधाचा शोध किती झपाट्यानं सुरू होऊ शकतो, हे या प्रयोगानं दाखवलं.

यात नीट पाहिलं तर पायऱ्या ओळखीच्या वाटतील. एन्झाइम शुद्ध करा. स्फटिक मिळवा. खोबणीत काय बसतं ते शोधा. यंत्रं बदलली, वेग बदलला. पण शुद्ध केलेलं द्रव्य आणि त्याचा स्फटिक यांच्यावाचून आजही पुढची पायरी चढता येत नाही.

नीरा आणि मेळघाटाच्या वाटेवरचा प्रश्न

वलगावहून तोच रस्ता पुढे परतवाड्याला आणि तिथून मेळघाटात जातो. कुपोषणाच्या बातम्यांमुळे मेळघाटचं नाव देशभर पोचलं. सोहोनींचं काम मेळघाटातलं नव्हे, पण प्रश्न तोच होता. गरिबाच्या ताटात कमी खर्चात सकस काय घालता येईल?

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताडामाडाचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह किती, ते टिकतात का, हे त्यांनी अनेक वर्षं तपासलं. आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा दिल्यावर तब्येतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला.

खुर्ची मिळाली, पण चार वर्षं उशिरा

एवढं सगळं करूनही दाराशी थांबणं सुटलं नाही. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद त्यांच्या वाट्याला यायला सुमारे चार वर्षं उशीर झाला. त्यामागे त्या स्त्री असणं हेच कारण होतं, असं मानलं जातं. अखेर त्या संचालक झाल्या. संस्थेच्या पहिल्या महिला संचालक.

म्हणजे १९३३ मध्ये प्रवेशासाठी एक वर्ष परीक्षा, आणि जन्मभराच्या कामानंतर खुर्चीसाठी चार वर्षं वाट. या वर्षांत किती विद्यार्थी घडले असते, किती प्रयोग झाले असते, याचा हिशेब आता कोण देणार?

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था उभी केली होती. तिच्या कामात कमलाबाई होत्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या कीमत या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. प्रयोगशाळेत दाण्यातलं द्रव्य तपासणाऱ्या बाई आता लोकांना स्वतःच्या पिशवीतला माल तपासायला शिकवत होत्या.

पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. परिषदेच्या प्रमुखपदी तेव्हा डॉ. जी. व्ही. सत्यवती होत्या, त्या पदावर पोचलेल्या पहिल्या महिला. ज्या देशात एका मुलीला प्रयोगशाळेबाहेर बसावं लागलं होतं, त्याच देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्थेची प्रमुख आता एक स्त्री होती, आणि तीच कमलाबाईंचा सन्मान करत होती. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचं निधन झालं.

१८ जून २०२३ रोजी गूगलनं त्यांच्यावर डूडल केलं, तेव्हा कित्येक मराठी माणसांनी त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं. दुर्गाबाई घराघरांत माहीत होत्या, धाकटी बहीण मात्र पाठ्यपुस्तकातही क्वचितच भेटली.

या हिवाळ्यात वलगावच्या, अमरावतीच्या किंवा तुमच्या गावच्या बाजारात वालाच्या शेंगा दिसल्या, तर घरी नेऊन नीट शिजवून खा. त्या दाण्यातला रोधक कसा वेगळा काढायचा हे जगाला दाखवणाऱ्या बाई आपल्या होत्या. आणि त्या दिवशी बंगळुरूहून त्या गुपचूप परत आल्या असत्या, तर ते काम त्यांच्या हातून कधीच झालं नसतं.